एकजात संगणक!

एका शाखेतील जागांवरची कमाल मर्यादा अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून पात्र महाविद्यालयांसाठी उठवली आणि संस्थाचालकांना रान मोकळे मिळाले. वाढवा संगणकाच्या तुकड्या, लावा स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीच्या वर्गांना कुलपे. बाजाराची मागणी आहे म्हणे!

परिषदेच्या धुरिणांनी एकदा भिलाईजवळच्या उतईला जाऊन यावे. नगर लहान, केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र ही त्याची बाहेरच्यांना ओळख. पण तिथून काही किलोमीटरवर १९५९ पासून भिलाई पोलाद कारखान्याच्या भट्ट्या धगधगत आहेत. विक्रांत ही युद्धनौका बांधायची ठरली तेव्हा रशियाकडून पोलाद वेळेवर मिळेना. मग हैदराबादच्या संरक्षण धातुसंशोधन प्रयोगशाळेतले धातुतज्ज्ञ, नौदलाचे जहाजबांधणीवाले आणि सरकारी पोलाद कंपनी ‘सेल’चे कारखानेवाले एकत्र बसले. एकाला कडाक्याच्या थंडीतही ठिसूळ न होणारा पत्रा हवा, दुसऱ्याला तो भट्टीत आणि रोलखाली जमणारा हवा, आणि वेल्डरचा प्रश्न वेगळाच: सांधा टिकेल का? त्या ओढाताणीतून ‘डीएमआर-२४९ए’ हे पोलाद निघाले. भिलाई, बोकारो आणि राऊरकेला इथून सुमारे ३० हजार टन पोलाद गेले आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी विक्रांत नौदलात दाखल झाली. त्या खोलीत एकाच विद्येची वीस हुशार डोकी बसवली असती, तर वीसही जणांना सांध्याचा प्रश्न सुचला नसता.

जयपूर फूट या कृत्रिम पायाचेही तेच. डॉ. प्रमोद सेठी अस्थिशल्यविशारद, रामचंद्र शर्मा कारागीर. नुसत्या डॉक्टरांच्या किंवा नुसत्या कारागिरांच्या बैठकीतून तो पाय उभा राहिला नसता.

वेगवेगळ्या विद्येची माणसे एकत्र आली की भांडतात, वेळ खातात, हे खरे. खाऊ देत. सगळ्यांचे पटकन जमते ते सगळ्यांना एकच ठाऊक असते म्हणून. अशा बैठका लवकर संपतात आणि चुकाही सगळ्यांच्या एकच होतात. भट्टीचे गणित संगणकावर मांडणारा मुलगा हुशार असेलही. पण वाहती मळी पाहून आत काय बिघडले हे ओळखणारा माणूस शेजारी नसेल, तर तो गणित कशाचे मांडणार? कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने संगणक शाखेकडे लोटलेल्या या गर्दीला एवढेही कोणी विचारत नाही.

आणि उद्या पूल कोसळला की चौकशी समितीसाठी स्थापत्य अभियंते शोधत हीच मंडळी फिरतील. आजच्या वर्गाला कुलूप कोणी लावले, हे तेव्हा कोणाला आठवणार नाही.

परिषदेने हा निर्णय मागे घ्यावा. तोवर विद्यापीठांनी संलग्नता देताना प्रत्येक संस्थेकडून बंद केलेल्या शाखांचा हिशेब आधी मागावा. संगणकाच्या वाढीव जागांच्या अर्जावर सही त्यानंतर.