मिस्त्रींच्या डोक्यातलं वहीत यायला हवं



आपल्या वार्षिक अहवालात 'दुरुस्ती व देखभाल' असा एक रकाना असतो. सभेत भावावर दोन-दोन तास बोलणं होतं, सवलतीच्या साखरेवर तर हमखास होतं. पण या रकान्यावर कुणी ब्र काढीत नाही. 'मंजूर, मंजूर' म्हणून आपण हात वर करतो आणि जेवायला उठतो. मीही त्यातलाच. परंतु गेल्या हंगामात एक रात्र कारखान्याच्या वजनकाट्यासमोर काढली, तेव्हापासून हा रकाना मनातून जात नाही.

जानेवारीतली गोष्ट. माझ्या उसाच्या दोन ट्रॉल्या रांगेत उभ्या आणि मिल बंद. चौकशी केली तर कळलं, तिसऱ्या मिलचा ब्रास गरम होऊन खराब झाला. ब्रास गार राहावा म्हणून त्याच्या पोटातून पाणी फिरवतात. ती वाटच क्षारानं नि गाळानं तुंबलेली. ऑफ सीझनमध्ये ती उघडून साफ करायची असते, आणि इतकी वर्षं ते काम आपले थोरले मिस्त्री न चुकता करीत आले. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं, नि त्यांनी ते कुठं लिहूनही ठेवलं नव्हतं. मिस्त्री सेवानिवृत्त झाले, शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाला, आणि ते काम त्यांच्याबरोबर घरी गेलं. नव्या पोरांना बोल लावावा, तर त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

मिल १९ तास बंद राहिली. २,५०० टनी कारखाना एक तास थांबला म्हणजे शंभरावर टन ऊस गाळायचा राहतो. पुढचा हिशोब ज्यानं त्यानं करावा. तोडलेला ऊस काही आपल्यासाठी थांबत नाही. तो वाळतो. काट्यावर चढण्याआधी जे वजन घटतं ते तुमचं-आमचं, आणि शिळ्या उसानं उतारा पडतो तोही आपलाच. २००९ सालापासून आलेली एफ.आर.पी. उताऱ्याशीच बांधलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

माझं म्हणणं इतकंच की प्रत्येक यंत्राचा एक कामाचा तक्ता हवा. काय उघडायचं, कोणत्या क्रमानं, कोणता सुटा भाग किती दिवस आधी मागवायचा, किती माणसं लागतील, आणि मुख्य म्हणजे माप किती आलं की वस्तू बदलायची. रोलर झिजून व्यास किती राहिला, बेअरिंगमध्ये फट किती, हे आकड्यात लिहिलेलं असावं. खाली काम करणाराची सही आणि तपासणाराची सही, दोन्ही निराळ्या. बॉयलरची तपासणी होऊन दाखला मिळाल्याशिवाय तो पेटवता येत नाही. कायद्याच्या धाकानं जे बॉयलरला होतं, ते आपल्या मर्जीनं मिलला का होऊ नये?

हेच शेतातही. आता तोडणी यंत्रं गावोगाव फिरतात. त्यांची बुडाशी तोडणारी पाती बोथट झाली की ऊस कापला न जाता चिरडला जातो, बुडखे फाटतात आणि खोडवा नीट फुटत नाही. वर्षभर आपण खताला आणि पाण्याला दोष देत बसतो! पाती कधी बदलली, रेडिएटरवरचं पाचट रोज काढलं की नाही, हे यंत्राबरोबरच्या वहीत हवं, आणि फडात यंत्र घालण्याआधी ती वही मागण्याचा हक्क सभासदाला हवा. गट ऑफिसनंही कोणतं यंत्र कोणत्या दिवशी कोणाच्या फडात, हे फळ्यावर लिहावं. सध्या ते फोनवर ठरतं, आणि ज्याचा फोन मोठा त्याची तोड आधी.

काही जण म्हणतील, कागद रंगवून यंत्र चालत नसतं. खरं आहे. ऑफिसात बसून एका दिवशी सगळ्या बरोबरच्या खुणा करणारे महाभागही असतात. म्हणूनच खूण नको, माप हवं. माप खोटं लिहिलं तर हंगामात मशीनच बोलतं. दुसरं म्हणजे हा तक्ता बाहेरच्या साहेबानं करून उपयोग नाही. ज्यांच्या हाताला ग्रीस लागलं आहे त्यांनीच तो सांगावा, लेखनिकानं लिहून घ्यावा. थोरल्या मिस्त्रींना मी घरी जाऊन भेटलो. म्हणाले, "बोलवा की. पण आधी मिल उघडून ठेवा, बसून सांगता येत नाही मला."

येत्या सर्वसाधारण सभेसाठी मी दोन गोष्टी लेखी दिल्या आहेत. मागील हंगामातले यांत्रिक कारणाचे बंद तास, यंत्रनिहाय आणि कारणासह, अहवालात छापावेत. आणि सेवानिवृत्त मिस्त्री व फिटर मंडळींना ऑफ सीझनमध्ये मानधन देऊन तक्ते करून घ्यावेत. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळालेला नाही. ज्यांची त्या रात्री रांगेत ट्रॉली होती, त्यांनी गट ऑफिसात नाव कळवावं.

– आपला एक ऊस उत्पादक सभासद