बाहेर दहा जण उभे आहेत

‘सर, जमत नसेल तर सांगा. बाहेर दहा जण उभे आहेत.’ महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला हे वाक्य वर्षातून एकदा तरी ऐकावं लागतं. मी ते प्राचार्यांच्या केबिनमध्ये ऐकलंय, संस्थेच्या सचिवांच्या गाडीच्या काचेशी वाकून ऐकलंय आणि नॅकच्या मूल्यांकनाच्या फायली रात्री उशिरापर्यंत लावत बसलेला असतानाही ऐकलंय. वाक्य खोटं नाही, हीच त्यातली मेख आहे. बाहेर खरंच दहा जण उभे आहेत. नेट झालेले, सेट झालेले, दोन-तीन पीएच.डी.वाले. त्यांतले काही माझ्याच विभागातून शिकून गेलेले. तेही सीएचबी म्हणजे तासिकावाले, मीही सीएचबी. ते बाहेर आहेत आणि मी ऑगस्ट ते मार्च आत असतो, एवढाच काय तो फरक.

मी अर्थशास्त्र शिकवतो, तेव्हा आधी हिशेब. मार्च २०२३च्या शासन निर्णयानं पदवीच्या तासिकेला ९०० रुपये आणि पदव्युत्तरला १,००० रुपये ठरवले. आठवड्याला जास्तीत जास्त नऊ तासिका. चार आठवडे धरले तर महिना ३२,४००. बायको बघायला गेलो तेव्हा मामांनी मोठ्या आवाजात असाच एक महिन्याचा आकडा सांगितला होता. मुलीच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, ‘पण बारा महिने का?’ शेतकरी माणूस, हंगाम म्हणजे काय ते त्यांना कळतं. आता त्या आकड्यातून गणपती वजा करा, दिवाळीची सुट्टी वजा करा, परीक्षेचे आठवडे, युवक महोत्सव, निवडणुकीसाठी ताब्यात घेतलेली इमारत, अतिवृष्टी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली सुट्टी, सगळं वजा करा. पावसाची सुट्टी पडली की विद्यार्थी व्हॉट्सॲपवर नाचतात आणि त्यांच्या सरांच्या घरी दोन तासिकांचे पैसे बुडतात. उरलेल्या तासिकांचं बिल विभागीय सहसंचालक कार्यालयात जातं. तिथं त्रुटी निघते. बिल परत येतं, पुन्हा जातं, अनुदान संपलेलं असतं. पहिल्या सत्राचे पैसे दुसऱ्या सत्रात मिळाले तर आमच्यात पेढे वाटतात.

शेजारच्या खुर्चीवर बसून तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या नव्या कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे, भत्ते वेगळे. ते त्यांना मिळायलाच हवं. माझी तक्रार त्यांच्या पगाराबद्दल नाही, त्याच वेळापत्रकाच्या तक्त्यावर माझं नाव पेन्सिलीनं लिहिण्याबद्दल आहे.

बेरोजगारीचे प्रकार शिकवताना हंगामी बेरोजगारीपाशी आलो की मी ऊसतोड कामगारांचं उदाहरण देतो. पुस्तकातही तेच आहे. मागे एकदा एका पोरानं, बीडकडचा होता, विचारलं, ‘सर, तुमचं पण हंगामीच ना?’ वर्ग हसला. मीही हसलो. एक गोष्ट त्याला सांगायची राहिली. टोळीवाल्याला निघण्याआधी उचल मिळते. ती त्याच्या मानेवरचं कर्ज असते, तिचं कौतुक नको. पण निदान मुकादम एवढं तरी मानतो की माणूस कामाला लावायचा तर त्याच्या घरात आधी पीठ पाहिजे. उच्च शिक्षण विभागाला अजून तेवढंही सुचलेलं नाही.

गंमत म्हणजे नियम आमच्या बाजूचेच आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत लिहिलंय की कंत्राटी शिक्षक अगदी गरज असेल तरच नेमावेत, त्यांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नये आणि त्यांचं वेतन कायम सहायक प्राध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी असू नये. २०१९ मध्ये त्याच आयोगानं अतिथी प्राध्यापकाला व्याख्यानामागे १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर दिला. आमच्याकडे तासिका तत्त्व हे वेगळंच खातं काढलं, म्हणजे कंत्राटी म्हणून मोजायला नको आणि अतिथी म्हणून पैसे द्यायला नकोत. मोजणीची ही कटकटही आता मिटायची आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगानं जो नवा मसुदा काढला, त्यात ती १० टक्क्यांची मर्यादाच गाळली. नियम मोडणारे फार झाले की नियम काढून टाकायचा, ही आपली जुनी प्रशासकीय परंपरा.

‘तुम्ही हक्क सांगू शकत नाही’ असं कुणी म्हणालं की पुढे हमखास उमादेवी खटल्याचं नाव येतं. २००६चा निकाल, मागल्या दारानं आलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असा त्याचा आशय. मी कुठल्या मागल्या दारानं आलो? जाहिरात तुम्ही दिलीत, मुलाखत तुमच्या समितीनं घेतली, मान्यता विद्यापीठानं दिली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जग्गो यांच्या प्रकरणात केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगार आणि माळी यांना कायम करायला सांगितलं आणि उमादेवीची ढाल करून वर्षानुवर्षं माणसं राबवू नका असं सुनावलं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांच्या तुटपुंज्या पगारावरूनही न्यायालयानं सरकारला चांगलंच झाडलं. झाडू मारणाऱ्या बायका चिकाटीनं सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. आम्ही डॉक्टरेटवाले अजून बिलावर सही कधी होणार हे शिपायाला विचारतो आहोत.

आता स्टाफरूमकडे येतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा राज्यव्यापी संप झाला. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’. मागणी रास्त होती. म्हातारपणाची हमी मागण्यात गैर काही नाही. पण त्या आठवड्यात माझ्या तासिका बुडाल्या, त्यांचे पैसे कुणी मागितले नाहीत. ज्यांच्या हमीसाठी मी घरी बसलो त्यांच्या एकाही पत्रकात मला तासिका तत्त्व हा शब्द दिसला नाही. कायम मंडळी आम्हाला प्रेमानं वागवतात, हे कबूल. चहा पाजतात. पर्यवेक्षणाची रविवारची ड्यूटी, एनएसएसचं शिबिर, नॅकचे निकष क्रमांक दोन, तीन आणि पाच हे सगळंही त्याच प्रेमानं सोपवतात. ‘तुमचं लक्षात ठेवतो हं.’ ज्या दिवशी जागा भरायची वेळ येते त्या दिवशी लक्षात काय राहतं, ते तालुक्यातला चहावालाही आकड्यासकट सांगेल.

आणि एक भारी युक्तिवाद आहे : नोकरी पक्की झाली की माणूस सुस्तावतो, धाकात असला की काम करतो. हा सिद्धांत मी आजवर फक्त पक्की नोकरी असलेल्यांच्या तोंडून ऐकलाय. धाकात माणूस काय काम करतो ते मी सांगतो. कॉपी सापडली तर आधी पोरगा कुणाचा ते बघतो. संचालकाच्या पुतण्याची हजेरी भरतो. अर्थसंकल्पावर वर्गात बोलताना सरकारचं नाव घेत नाही. पस्तीसच्या खाली गेलेला पेपर पुन्हा वाचतो आणि बेचाळीसपर्यंत आणतो, कारण निकाल घसरला तर कार्यभार घसरतो आणि कार्यभार घसरला तर पहिला मी. विद्यार्थी वर्षभर फी भरून ज्या माणसाकडून शिकतो त्याला ‘नाही’ म्हणायची मुभाच नाही. पालकांनी याचा संताप करायला हवा. ते प्रवेश घेताना इमारत बघतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला तेव्हा तरुण रस्त्यावर उतरले आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. छान झालं. फक्त मला कुणी सांगावं, तासिकेवर जगणारा प्राध्यापक नेमायला कंपनी लागत नाही, सरकारच्याच नियमानं संस्था ते काम करते, म्हणून तो कमी कंत्राटी ठरतो का? त्या मोर्च्यात माझे विद्यार्थी होते. घोषणा देऊन दुसऱ्या दिवशी ते माझ्याच तासाला येऊन बसले. तो तास मी घेतला, कारण तो बुडवला असता तर ९०० गेले असते.

यंदाची जाहिरात पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात. मी अर्ज करणार. अर्जासोबत अध्यापनाच्या अनुभवाचं प्रमाणपत्र जोडायचं असतं. ते मागायला मी परवा ऑफिसात गेलो होतो. हेडक्लार्कनं चष्म्यावरून बघत सांगितलं, ‘सर, तासिका तत्त्वावरचा अनुभव आम्ही लेटरहेडवर देत नाही. उद्या तुम्ही त्यावर हक्क सांगाल.’