‘हॉस्पिटल’ आणि त्याचे मराठी वारसदार

वर्धा शहराला लागून असलेल्या सावंगी (मेघे) येथे १९९० साली जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय निघाले, आणि त्याच्याशी संलग्न असलेले आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय पंचक्रोशीतल्या रोग्यांचा आधार बनले. या एकाच वास्तूचा नामोल्लेख लोक किती परींनी करतात ते पाहण्यासारखे आहे. फलकावर ‘रुग्णालय’, विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘हॉस्पिटल’, देवळी-आर्वीकडून आलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘दवाखाना’. आणि पुष्कळदा यांपैकी एकही नाही, कारण ‘बाबाले सावंगीले भरती केलं’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सारे उमगते. भाषेच्या या संपन्नतेवर दोन पक्ष नाराज आहेत, आणि दोघांचेही म्हणणे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

पहिला पक्ष शुद्धिवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे की, ‘हॉस्पिटल’ इंग्रजी, ‘दवाखाना’ अरबी-फारसी आणि ‘इस्पितळ’ हा फिरंगी शब्दाचाच अपभ्रंश, तेव्हा ‘रुग्णालय’ हा एकच संस्कृतोद्भव शब्द मराठीने अंगीकारावा. प्रत्यक्ष शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देवविले, हा त्यांचा दाखला आहे आणि तो वजनदारही आहे. परंतु त्याच इतिहासाचे पुढचे पान असे की, कोश झाल्यानंतरही मराठी राज्याचे दफ्तर वसूल, जमाबंदी, सनद आणि फडणीस या शब्दांवाचून चालले नाही. आणि आज शुद्धिवादी गृहस्थ ज्या तहसिलीत अर्ज करतात, ज्या जिल्ह्याचे रहिवासी म्हणवतात, ते शब्दही त्याच मार्गाने आलेले आहेत. शब्द कोठून आला याची चौकशी भाषा फार काळ करीत नाही. तो आपल्या व्याकरणाच्या शिस्तीत वागतो की नाही एवढेच ती पाहते. ‘घोडा’ शब्दाचे जसे ‘घोड्याला’, तसे ‘दवाखाना’ शब्दाचे ‘दवाखान्याला’ होते. ‘इस्पितळात’ आणि ‘रुग्णालयात’ ही रूपेही तितक्याच सहजतेने जिभेवर येतात. ‘हॉस्पिटल’ला मात्र बहुधा ‘मध्ये’चा टेकू द्यावा लागतो. कोणता शब्द घरचा झाला आणि कोणता अजून ओसरीवर आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा व्युत्पत्तिकोशात मिळणार नाही.

दुसरा पक्ष याच्या नेमका उलट आहे. वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीत होते, ‘हॉस्पिटल’ आता खेड्यापाड्यांतही कळते, मग एका अर्थाला चार शब्दांचे ओझे कशाला, असा त्याचा सवाल. या सवालाच्या मुळाशी असा समज आहे की, पर्यायी शब्द म्हणजे एकाच शेताचे दोन सातबारे. तो समज निराधार आहे. ‘दवाखान्यात नेले’ या वाक्यात गावातल्या डॉक्टरची एका खोलीची जागाही बसते आणि सावंगीची प्रचंड इमारतही बसते. सर्दी-पडशापासून हृदयविकारापर्यंत कशासाठीही ते चालते. ‘हॉस्पिटलमध्ये ठेवले’ म्हणताच दुखण्याचे गांभीर्य आणि खर्चाचा धसका दोन्ही ध्वनित होतात. ‘रुग्णालय’ तर शासनव्यवहारात दर्जाचे वाचक आहे: तीस खाटांचे ग्रामीण रुग्णालय, त्यावर उपजिल्हा रुग्णालय, त्यावर जिल्हा सामान्य रुग्णालय. सावंगीचे रुग्णालय या उतरंडीतले नव्हे. तेथे ‘ग्रामीण’ हे विशेषण सेवेचा संकल्प सांगते. आणि ज्या इंग्रजी शब्दाच्या स्वयंपूर्णतेचा एवढा डौल मिरविला जातो, तो तरी मूळचा इंग्रजीचा कोठे आहे? लॅटिनमधील पाहुणा या अर्थाच्या शब्दापासून निघून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. इंग्रजीला उसनवारीने कमीपणा आला नाही, तो मराठीलाही येण्याचे कारण नाही. पण उसने घेतले म्हणून घरातले विकून टाकावे, असा सल्लाही कोणी इंग्रजीला दिला नव्हता.

दोन्ही पक्षांचा दोष एकच आहे: ते शब्दाचे कुळ पाहतात, ऐकणाऱ्याकडे पाहत नाहीत. पाटीवरचा ‘बाह्यरुग्ण विभाग’ निर्दोष संस्कृत आहे, परंतु बाहेरगावचे रुग्ण असा त्याचा अर्थ कोणी लावला तर त्याला अडाणी म्हणता येत नाही. उलट, लोकांनी कोणत्याही समितीची वाट न पाहता आपली परिभाषा स्वतः घडविली आहे. दाखल होणे म्हणजे ‘भरती’, सलाईन म्हणजे ‘बाटली’, आणि बरे होऊन घरी जाण्याची परवानगी म्हणजे ‘सुट्टी’. ‘उद्या सुट्टी होईल’ हे तीन शब्द खाटेशेजारी जमिनीवर अंथरूण टाकून बसलेल्या माउलीला जेवढे कळतात, तेवढा ‘डिस्चार्ज’ही कळत नाही आणि ‘मुक्तता’ही कळत नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतला जातो. त्यातील शब्द तिला उमजले नसतील, तर ती संमती कागदावरच राहिली.

म्हणून आमचे प्रतिपादन असे की, प्रत्येक शब्दाला त्याचा अधिकार आणि त्याची जागा द्यावी. फलकावर, राजपत्रात आणि शासननिर्णयात ‘रुग्णालय’ शोभते, तेथे ते असावे. बोलण्याच्या ओघात ‘हॉस्पिटल’ आले तर त्याला हटकू नये. परंतु खिडकीशी, खाटेपाशी आणि संमतीपत्रात ‘दवाखाना’, ‘भरती’ आणि ‘सुट्टी’ यांचाच अंमल चालावा. ऐकणाऱ्याला कळेल तीच भाषा वापरावी, हे तत्त्व वर्ध्याला नवे नाही. १९३७ साली येथे भरलेल्या शिक्षण परिषदेने मातृभाषा हेच शिक्षणाचे माध्यम असावे असे ठरविले. ज्यांचे नाव सावंगीच्या रुग्णालयाला दिलेले आहे ते विनोबा संस्कृतात पारंगत होते. तरीही आईला संस्कृत गीता कळत नव्हती म्हणून तिच्या इच्छेला स्मरून त्यांनी १९३० साली वर्ध्यातच ‘गीताई’ रचावयास घेतली.

‘शुश्रूषा’ हा शब्द ‘श्रु’ धातूपासून निघाला आहे आणि त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. रोग्याची भाषा ऐकणे हा उपचाराचाच भाग मानून वैद्यकीय महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांना ‘भरती’, ‘कसर’ (अंगातला बारीक ताप) आणि ‘जीव घाबरणे’ हे शब्द पहिल्या वर्षापासून शिकवावेत, आणि रोग्याच्या हाती पडणारा प्रत्येक कागद आधी त्याच्याच गावच्या चार माणसांना वाचून दाखवावा. त्यांना जो शब्द कळेल तोच त्या कागदावर राहावा, मग तो संस्कृतातून आलेला असो, फारसीतून असो की इंग्रजीतून.