पुडीत मोजा ना!

प्रोबायोटिक पुडीतले जिवाणू आधी टाकीत वाढवतात. लॅक्टोबॅसिलससाठी प्रयोगशाळेतलं ठरलेलं जेवण म्हणजे १९६० सालचं एमआरएस माध्यम: लिटरला २० ग्रॅम ग्लुकोज, पेप्टोन, मांसाचा न् यीस्टचा अर्क, चिमूटभर मँगनीज वगैरे. ११ घटक कमी-जास्त करून बघायचे तर २,०४८ प्रयोग! प्लॅकेट-बर्मन (१९४६) पद्धतीत १२ प्रयोगांत महत्त्वाचे घटक हाती लागतात. आम्हा टेस्टिंगवाल्यांना हेवाच वाटतो. (घटकांचं आपसातलं साटंलोटं मात्र त्यात नीट कळत नाही.)

पण मोजायचं काय? नुसती टाकीतली संख्या मोजणं मला पटत नाही. गोठवून सुकवताना बरेच जिवाणू मरतात, आणि किती तगणार हे माध्यमावरही अवलंबून असतं. गिऱ्हाईक पैसे मोजतं जिवंत जिवाणूंचे. मग माध्यमही पुडीतल्या आकड्यावरूनच निवडा. त्यासाठी पुड्या महिनोन्महिने ठेवाव्या लागतील, वेळ जाईल. जाऊ दे की!