शीर मोबाईलवर सापडत नाही

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली. पनवेल परिसरातली होस्टेलं रिकामी झाली आणि नर्सिंगचे वर्ग मोबाईलवर भरू लागले. गावी परतलेल्या मुलीच्या घरात मोबाईल एकच. त्यावर पहिला हक्क कुणाचा? भावाचा! पाचवं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं: महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात सुमारे ३८, पुरुष सुमारे ६१. शिवाय मुलगी घरात दिसली की चूल तिचीच. तिचं लेक्चर चालू आहे, हे कुणाच्या कानावर जात नाही.

आणि शिकायचं तरी काय? शीर शोधणं, नाडी मोजणं, बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलं की नाही हे ओळखणं. ही विद्या बोटांची आहे. ती पडद्यावर कशी उतरणार? उद्या वॉर्डात हात चुकला, तर मेमो मात्र तिलाच!

मैत्रिणींनो, आपला विरोध तंत्रज्ञानाला नाही, त्याच्या आडून होणाऱ्या काटकसरीला आहे. ऑनलाइन शिकवायचं तर मुलीच्या हातात मोबाईल कॉलेजनं द्यावा. आणि बुडालेलं प्रात्यक्षिक वॉर्डातच, शिकवणाऱ्या सिस्टरच्या देखरेखीखाली, भरून मिळालं पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे. मुलींनी फी भरलेली आहे!