कापसाचा काटा कुणाच्या हातात?

शेतकरी बंधूंनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास गावात टेम्पो घेऊन येणारा खेडा खरेदीचा व्यापारी भाव पाडताना काय सांगतो? "दादा, वरूनच भाव उतरलाय." वरून म्हणजे कुठून, असे विचारले तर तो जिनिंगवाल्याकडे बोट दाखवतो. जिनिंगवाला सूतगिरणीकडे, गिरणीवाला कपडा निर्यात करणाऱ्याकडे. 'वर' म्हणजे नेमके कुठे, याचा पत्ता काही लागत नाही. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या कापूसवाल्याने हा पत्ता एकदा नीट शोधलाच पाहिजे. भाव तिथे ठरतो आणि कर्ज इथे फिटत नाही.

२०२५ च्या हंगामाचेच बघा. जूनमध्ये आपण सरकी टोबली तेव्हा परदेशी कापसावर ११ टक्के आयात शुल्क होते. फेब्रुवारी २०२१ पासून ते लागू होते, मध्ये २०२२ साली काही महिने उठवले होते तेवढेच. केंद्राने हमीभावही वाढवला होता, मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. शेतकऱ्याने हे गणित धरून खत-फवारणीला पैसा घातला. ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के जकात लावली. मग रशियाकडून तेल घेता म्हणून आणखी २५ टक्के, एकूण ५० टक्के. दुसरी वाढ २७ ऑगस्टला लागू झाली. आपल्या तयार कपड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक अमेरिकाच. निर्यातदार व गिरण्या अडचणीत आल्या, निदान कच्चा माल तरी स्वस्त द्या म्हणाल्या. त्यांचेही खोटे नव्हते. पण केंद्राने काय केले? १९ ऑगस्टपासून कापसावरचे आयात शुल्क काढून टाकले. आधी मुदत ३० सप्टेंबर होती, ती लगेच ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आपली पहिली-दुसरी वेचणी बाजारात येते नेमक्या त्याच दिवसांत बंदरे मोकळी.

आता यातली गंमत बघा. जकात लावली अमेरिकेने, ती रशियाच्या तेलावरून. तेल घेतले कंपन्यांनी. आणि किंमत कुणी मोजली? ज्याने तेलाचे पिंपही पाहिले नाही, त्या कापूसवाल्याने. शिवाय शुल्क उठल्यावर ज्या देशांचा कापूस इथे यायचा, त्यांत ब्राझील, ऑस्ट्रेलियाबरोबर खुद्द अमेरिकाही आहे. याला म्हणतात वर्चस्व. बंदूक लागत नाही. आपले मोठे गिऱ्हाईक कोण आणि नियम कुणाचा, एवढे पुरते.

नियमांचे राज्य येणार होते

खानदेशाला हे नवीन नाही. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडे धाव घेतली. भाव आकाशाला भिडला. युद्ध संपले तसा भाव कोसळला आणि तेजीच्या भरवशावर कर्ज काढलेला शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. तेव्हा आपण गुलाम होतो, विचारणारे कुणी नव्हते.

नव्वदच्या दशकात 'खाउजा' म्हणजे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण आले, तेव्हा सांगितले गेले की आता तसे होणार नाही. डंकेल प्रस्तावावरून गावागावांत पारावर वाद झाले. कुणी म्हणे, बियाणेसुद्धा आपले राहणार नाही. शरद जोशींसारखे नेते म्हणत, येऊ द्या खुला बाजार. आपले सरकारच शेतकऱ्याला उणे सबसिडी देऊन लुटते आहे. एप्रिल १९९४ मध्ये करारावर सह्या झाल्या आणि १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना सुरू झाली. लहान देश, मोठा देश, सर्वांना एकच कायदा, असे ते वचन.

हे वचन किती पाळले गेले, याची परीक्षा कापसातच झाली. अमेरिकेने १९९९ पासूनच्या चार हंगामांत आपल्या कापूस उत्पादकांना सुमारे साडेबारा अब्ज डॉलरची मदत वाटली. त्यामुळे तिथला शेतकरी तोट्यातल्या भावानेही कापूस विकू शकत होता आणि जगाचा भाव खाली दाबला जात होता. २००२ मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला, २००५ मध्ये अपिलातही टिकला. तरी अमेरिकेने नियम पुरता पाळला नाही. शेवटी अमेरिकेच्या मालावर उलट जकात लावण्याची परवानगी ब्राझीलने मिळवली आणि २०१० मध्ये कोणत्या मालावर लावणार त्याची यादीच जाहीर केली. तेव्हा कुठे अमेरिका टेबलावर आली. वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर द्यायचे ठरले आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. ब्राझीलने तो पैसा कापूस उत्पादकांसाठी संस्था काढून वापरला. २०२३-२४ मध्ये कापूस निर्यातीत ब्राझीलने अमेरिकेलाच मागे टाकले.

हीच तक्रार आफ्रिकेतल्या बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार गरीब देशांनी २००३ मध्ये मांडली होती. त्यांना आश्वासने मिळाली. निर्यात अनुदानाबाबत पुढे ठरावही झाले, पण देशांतर्गत मदतीचा मूळ प्रश्न भिजत पडला. कायदा एकच, तक्रार एकच. फरक एवढाच, की ब्राझीलकडे उलट जकातीची काठी होती, आफ्रिकेकडे नव्हती. आता तर दावा लावूनही भागत नाही. अपिलाच्या मंडळावर नव्या नेमणुका अमेरिकेने अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून ते मंडळ बंद पडले. हरलेला पक्ष अपील करतो आणि फाईल तशीच पडून राहते.

आपला हमीभाव आणि १९८६ चा भाव

आपल्यावर ही काठी उगारली गेली ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. भारत कापसाला मर्यादेबाहेर मदत देतो, अशी नोंद अमेरिकेने जिनिव्हात केली. आपल्याला मर्यादा आहे उत्पादनाच्या किमतीच्या १० टक्के. पण मदत मोजायची कशी? आजच्या हमीभावातून १९८६ ते ८८ या काळातला भाव वजा करायचा. उरेल ती सगळी 'मदत'. मधल्या तीस-पस्तीस वर्षांत डिझेल, मजुरी, बियाणे कुठल्या कुठे गेले, ते या हिशेबात धरायचे नाही. वर अमेरिकेने तो फरक सीसीआयने खरेदी केलेल्या कापसाला नव्हे, तर देशातल्या सगळ्या कापसाला लावला. स्वतःसाठी मात्र अमेरिकेकडे १९ अब्ज डॉलरवर मदतीची वेगळी सवलत त्याच कराराने राखून ठेवलेली. तलाठ्याने १९८६ चा दर धरून आजची नुकसानभरपाई दिली, तर तुम्ही ती घ्याल का?

घरचा हिशेबही मांडा

पण सगळे खापर अमेरिकेवर फोडून मोकळे होऊ नका. जगात भाव चढला होता तेव्हा एप्रिल २०१० मध्ये आणि पुन्हा मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात कुणी रोखली? दिल्लीने. जग पडते तेव्हा दार उघडे, जग चढते तेव्हा दार बंद. उत्पादनाचेही तेच. आपली रुई हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास, ब्राझीलची त्याच्या चौपट. कोरडवाहू जमीन आणि गुलाबी बोंडअळी यांच्याशी झगडणाऱ्या माणसाला उघड्या बाजारात सोडायचे, तर आधी पाणी, बियाणे आणि संशोधन द्यावे लागेल.

मग आपण करायचे काय? ब्राझील जिंकला तो भाषणांनी नाही. आकडे, कागद आणि संघटना यांवर जिंकला. आपली पहिली मागणी अशी असली पाहिजे, की पेरणीनंतर हंगाम संपेपर्यंत आयात शुल्क बदलायचे नाही. बदललेच, तर बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक सरकारने भरून द्यावा. ग्रामसभांनी तसे ठराव करून खासदारांच्या हाती द्यावेत.

दुसरे काम गावातच आहे. सीसीआयला कापूस घालायचा तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद लागते, २०२५ पासून मोबाईलवर आगाऊ नोंदणीही आली. ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की माल परत. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात जिथे रेंज नाही, तिथे ही नोंद राहून गेली तर तो शेतकरी हमीभावातून बाद होतो आणि थेट टेम्पोवाल्याच्या काट्यावर जातो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मंडळींनी पीक पाहणीची मुदत असतानाच पाड्यावर जाऊन नोंदी पुऱ्या कराव्यात, वनपट्ट्याच्या जमिनी विसरू नयेत. जिनिव्हातला हिशेब आपल्या हातात नाही, सातबाऱ्यावरची ही नोंद आहे. येत्या पीक पाहणीला आपल्या नावापुढे कापूस लागला की नाही, एवढे प्रत्येकाने स्वतः डोळ्यांनी बघून घ्यावे.