माळ्यावरचा पत्र्याचा डबा



रमजानच्या आधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून काय काय खाली उतरेल याचा नेम नसतो. या वर्षी आमच्या हाती एक गंजलेला पत्र्याचा डबा लागला. लेबल कधीच गळून पडलेलं. आत दोन-तीन मुठी पांढरी पावडर. झाकण उघडताच उग्र वास आला. अम्मी लगेच म्हणाल्या, "ये तो डीडीटी है. गेहूँ की कोठी के नीचे डालते थे."

ती डीडीटी असेल किंवा गॅमेक्सिन. जुन्या माणसांसाठी दोन्ही पांढऱ्या पावडरींचं नाव एकच. पण त्या डब्यानं आम्हाला पेचात टाकलं. ही पावडर टाकायची कुठे?

आधी डीडीटीशी इन्साफ करू. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख माणसं दगावायची. 1953 साली मलेरियाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पंप घेतलेले फवारणीवाले गावोगाव, मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून फिरले, घराघरांच्या भिंती पांढऱ्या केल्या. 1965 पर्यंत रुग्णांची संख्या लाखभरावर आली. किती तरी घरांतली लेकरं त्यामुळे वाचली. आमच्या दादीच्या पिढीनं या पावडरीला दुवा दिली, ती काही भोळेपणानं नव्हे.

पण डास हळूहळू त्या विषाला सरावले. 1976 साली मलेरियाचे रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. तोवर तीच पावडर शेतातही पोहोचली होती. तिचा डासांवरचा असर कमी होत गेला, पण माती-पाण्यातून ती गेली नाही.

का गेली नाही? भाजीचं देठ उकिरड्यावर टाकलं तर महिन्याभरात त्याचं खत होतं. मातीतले सूक्ष्म जीव ते खातात. डीडीटी, बीएचसी, एन्डोसल्फान यांसारखी रसायनं मात्र त्या जीवांना सहजी पचत नाहीत. डीडीटीचा नुसता अर्धा भाग मातीतून नाहीसा व्हायला कित्येक वर्षं लागतात. शिवाय ही रसायनं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चरबीत विरघळतात. पाण्यातल्या शेवाळात कणभर विष असतं. ते शेवाळ खाणाऱ्या बारीक माशात त्याहून जास्त, बारीक मासे खाणाऱ्या मोठ्या माशात आणखी जास्त, आणि त्या माशांवर जगणाऱ्या पक्ष्यात सर्वांत जास्त साठतं. डीडीटीमुळे पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली आणि पिलं जन्मण्याआधीच अंडी फुटू लागली. अमेरिकेच्या रेचेल कार्सन या लेखिकेनं 1962 सालीच या कीटकनाशकांच्या धोक्याकडे जगाचं लक्ष वेधलं होतं.

या साखळीच्या शेवटी माणूस आहे, आणि माणसाच्याही पुढे आईचं दूध पिणारं बाळ. या रसायनांचे अंश आईच्या दुधातही सापडले आहेत. इथे एक गोष्ट ठासून सांगतो. हे वाचून कोणत्याही बहिणीनं बाळाचं दूध तोडू नये. आईच्या दुधाचे फायदे या धोक्यापेक्षा कितीतरी मोठे आहेत आणि डॉक्टरही दूध पाजायलाच सांगतात. दोष दुधात नाही, आपण मातीत काय ओततो त्यात आहे.

केरळमधल्या कासरगोड जिल्ह्यात काजूच्या बागांवर वीसहून अधिक वर्षं हेलिकॉप्टरनं एन्डोसल्फान फवारलं गेलं. तिथल्या वाड्यांमधली अपंग आणि मतिमंद मुलं पाहून देश हादरला. मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या औषधावर बंदी घातली. तोवर हेच औषध देशभर कापसावर सर्रास मारलं जात होतं, आणि आपला खान्देश तर कापसाचा मुलूख. शेतीत डीडीटी वापरायला 1989 पासून मनाई आहे. बीएचसी, म्हणजे आपली गॅमेक्सिन, 1997 साली बंद झाली. अशा टिकाऊ विषांविरुद्ध 2001 साली स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. 2006 साली भारतानंही तो मान्य केला. कायदा झाला, पण माळ्यावरचे डबे कायदा वाचत नाहीत.

तर आमचा डबा. शेजारी म्हणाले, "नाली में बहा दो." पण धुळ्याची नाली पांझरेला मिळते, पांझरा तापीला. अंगणात पुरावा तर तिथे पोरं खेळतात, कोंबड्या टोचतात. घंटागाडीवरच्या भावाला विचारलं तर तो म्हणाला, "डाल दो, आगे जाके जल ही जाएगा." आणि जाळणं हा तर सर्वांत वाईट उपाय.

जाळण्यावरून आमच्या वर्गातला एक मुलगा आठवतो. सुट्टीत तो मामाच्या भंगाराच्या दुकानात जुन्या वायरी जाळून तांबं काढायचा. सोमवारी वर्गात यायचा तो खोकत, डोळे लाल. वायरीवरचं प्लास्टिक जळताना डायऑक्सिन नावाचं विष तयार होतं. तेही वर्षानुवर्षं टिकतं, चरबीत साठतं, आणि स्टॉकहोम कराराच्या पहिल्या बारा विषांत त्याचं नाव आहे. आम्ही मामांना भेटलो. ते म्हणाले, "पट्टी से छीलेंगे तो दिनभर में दो किलो भी नहीं निकलता." त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मुलगा त्यांचाच भाचा होता. आता ते वायर सोलायचं हातयंत्र वापरतात. तांबं थोडं उशिरा निघतं, पण जळकं नसल्यानं भाव बरा मिळतो.

आपल्या हातात आहे तेवढं तरी करू या. धान्याला कडक ऊन द्या, कोठीत कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा, डाळीला एरंडेल तेलाचा हात लावा. सुट्टी, बिनलेबलाची पावडर मुंग्यांसाठी किंवा उवांसाठीसुद्धा घेऊ नका. औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. पण हा त्रिकोण विष आज किती जहाल ते सांगतो, किती वर्षं टिकेल ते सांगत नाही. म्हणून हिरव्यालाही निर्धास्तपणे हात लावू नका. फवारणीचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात पाणी, तेल, धान्य भरू नका. गोश्तावरची जादा चरबी काढून टाका. प्लास्टिक आणि वायरी चुलीत किंवा दारात पेटवू नका, शेकोटीसाठीसुद्धा नाही.

घनकचरा नियमांनुसार ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा असतो. जुनी कीटकनाशकं या तिसऱ्या कचऱ्यात मोडतात. तो वेगळा घेण्याची सोय आपल्या वॉर्डात आहे का, हे नगरसेवकाला विचारा. एकट्यानं विचारलं तर हसतील. जुम्याच्या नमाजनंतर वीस जणांनी मिळून विचारलं तर ऐकतील.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणवठा, रस्ता आणि सावली या जागा घाण करायला सक्त मनाई केली आहे. त्या काळची घाण पावसानं धुऊन जायची. आपण जी टाकतो ती पावसाबरोबर दुसऱ्याच्या विहिरीत जाते, म्हणून आपली जबाबदारी जास्त.

आमचा डबा अजून घरातच आहे. दोन पिशव्यांत घट्ट बांधून, वर मोठ्या अक्षरांत 'जहर' लिहून, कुलपात ठेवला आहे. अम्मी म्हणतात, "इतनी सी चीज का इतना लफडा." आम्ही त्यांना म्हणालो, "अम्मी, आपके पोते की शादी में भी ये ऐसा ही रहेगा." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग उठून स्वतःच कोठीखालची जागा ओल्या फडक्यानं पुसायला लागल्या. आम्ही त्यांच्या हातातलं फडकं घेतलं आणि आधी हातमोजे शोधले.